दीड फुटाची नळी

सोफा निवडायला आपण चार वीकेण्ड घालवतो. पण घरातलं पाणी ज्या नळीच्या भरवशावर आहे ती कुणी निवडली, कधी बसवली, हे आपल्याला ठाऊकही नसतं. एका रविवारी आमच्याकडे त्याचा हिशेब झाला...

रविवार, सकाळचे सव्वासहा. स्थळ : नाशिक. आदल्या दिवशी मावसभावाची हळद जोरात झालेली, अंगावर गोधडी आणि उशाशी सायलेण्टवर टाकलेला मोबाइल. अकरा मिस्ड कॉल्स! सगळे पुण्याहून, सगळे सोसायटीच्या सेक्रेटरींचे. मेण्टेनन्स थकला असेल, असं म्हणून मी कूस बदलली. बारावा कॉल मात्र उचलला.

‘‘मॅडम, तुमच्या दाराखालून पाणी येतंय. पार जिन्यावरून खाली चाललंय. किल्ली कुणाकडे आहे?’’

एक किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसरी फ्लॅटमेटकडे, आणि ती टीम आउटिंगला अलिबागला. तिसरी घरमालकांकडे, आणि ते सिंगापूरला. बोला आता!

पुढचा सीन मला वॉचमनकाकांनी नंतर अ‍ॅक्शनसकट करून दाखवला. गच्चीवर टाकीखाली व्हॉल्व्हची अख्खी रांग आहे, पण कुठला व्हॉल्व्ह कुठल्या लाइनचा, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. शेवटी सगळ्या विंगचं पाणी बंद केलं. रविवारची सकाळ, चाळीस फ्लॅट आणि कुणाच्या डोक्यावरचा शाम्पू निघायला तयार नाही! आदल्या रात्री टाकी दोनदा रिकामी झाली होती म्हणे. सगळ्यांना वाटलं, मोटर बिघडली.

मी दुपारी पोचले. दार उघडलं तर चपला पॅसेजमधून तरंगत हॉलमध्ये आलेल्या. गादी खालून भिजलेली, जमिनीवर चार्जिंगला ठेवलेला जुना लॅपटॉप तर गेलाच. (आणि हो, आधी मेन स्विच बंद केला, मग आत पाय टाकला. एवढी अक्कल वॉचमनकाकांनी दिली.) हे सगळं केलं कुणी? पॅसेजमधल्या वॉश बेसिनखाली असलेल्या दीड फुटाच्या एका नळीने. तिच्या टोकाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नटाला उभी चीर गेली होती. बास, एवढंच!

बाथरूममध्ये असतं तर पाणी जाळीतून निघून गेलं असतं. पॅसेजला कुठली जाळी? पाण्याने टाइल्सच्या फटीतून आणि पाइपाच्या भोकातून वाट काढली आणि ते उतरलं थेट खालच्या काकूंच्या माळ्यावर.

काकूंचा माळा

काकू रिटायर्ड शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्या पॅसेजवरच्या माळ्यावर काकांचे दिवाळी अंक होते. १९७४ पासूनचे, वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधलेले, प्रत्येकावर काकांच्या अक्षरात साल. काका जाऊन चार वर्षं झाली.

मी मान खाली घालून उभी. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘तू मासिकांत लिहितेस ना गं? बघ, यातलं काही वाचवता येतंय का.’’

पुढच्या चार रात्री मी आणि फ्लॅटमेट काकूंच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून होतो. पानापानांत टिपकागद घालायचा, ओला झाला की बदलायचा. साध्या खरखरीत कागदाचे जुने अंक सुरकुतले, पण वाचले. गुळगुळीत आर्ट पेपरचे नवे अंक मात्र एकमेकांना चिकटून वीट झाले. (तुम्ही आत्ता हे ज्या कागदावर वाचताय, तो दुसऱ्या प्रकारातला. जपा!)

काकूंचं सीलिंग आणि रंग यांचे अडतीस हजार झाले. आमची गादी आणि लॅपटॉप वेगळे. मी नंतर आणली ती चांगली नळी अडीचशे रुपयांची. हा हिशेब मला अजून पचलेला नाही.

फुटतं ते नेमकं काय?

‘‘भिंतीतला पाइप सहजासहजी दगा देत नाही, मॅडम. दगा देते ती ही,’’ असं म्हणत प्लंबरदादांनी तुटका नट माझ्या हातावर ठेवला. हार्डवेअरच्या भाषेत हिला ‘कनेक्शन पाइप’ म्हणतात. भिंतीतून येणारा अँगल कॉक आणि बेसिन, फ्लश टँक किंवा गीझर यांना जोडणारी लवचिक नळी. घर देताना बिल्डर बसवतो, किंवा आधीचा भाडेकरू बदलतो. आपण तिच्याकडे बघतो ते ती फुटल्यावरच.

आता यामागचा फंडा ऐका. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजन. आमची बिल्डिंग अकरा मजली, आम्ही तिसऱ्यावर. डोक्यावर टाकीपर्यंत अठ्ठावीस-तीस मीटर पाणी उभं. म्हणजे त्या बिचाऱ्या नळीवर जवळजवळ तीन किलो दाब, दिवसाचे चोवीस तास! तोटी बंद असली म्हणून नळीला सुट्टी नसते. उलट रात्री सगळ्यांचे नळ बंद असतात तेव्हा दाब सगळ्यात जास्त असतो. म्हणून या नळ्या बऱ्याचदा फुटतात त्या आपण झोपेत किंवा गावाला असताना. आणि एक गंमत : ‘हाय राइज’मध्ये जास्त दाब खालच्या मजल्यांना, वरच्यांना नाही. बूस्टर पंप किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर गणित बदलतं. तेव्हा सोसायटीत एकदा विचारून घ्या.

‘साधी देऊ की चांगली?’

तर पुढच्या शनिवारी मी थेट रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. दुकानदारांचा पहिला प्रश्न : ‘‘साधी देऊ की चांगली?’’ मी म्हटलं, ‘‘आधी दोन्हींतला फरक सांगा.’’ गिऱ्हाईक असं विचारत नाही बहुतेक, कारण काका खुश झाले आणि त्यांनी कात्रीने एक नळी कापूनच दाखवली.

बाहेरून दिसते ती तारांची वीण. आत रबराची किंवा पीव्हीसीची मऊ नळी. पाणी धरते आतली नळी, पण दाब सोसते बाहेरची वीण. वीण गंजून तुटली की आतली नळी फुग्यासारखी फुगते आणि फुटते. तेव्हा घेताना काय बघायचं?

पहिलं, वीण. पांढरी साधी पीव्हीसी नळी स्वस्त, पण काही वर्षांत पिवळी पडून कडक होते आणि गरम पाण्याने मऊ पडते. गीझरला ती चुकूनही नको. स्टीलच्या विणीची घ्या, आणि पाकिटावर ‘एसएस ३०४’ लिहिलंय का बघा. स्वस्त मालात अ‍ॅल्युमिनियमची तार असते, दिसायला तशीच चकचकीत. लोहचुंबक लावून बघायची आयडिया डोक्यात असेल तर सोडा. अ‍ॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही आणि ओढून बारीक केलेली चांगली स्टीलची तार कधी कधी किंचित चिकटते. त्यापेक्षा ओळखीचं दुकान, छापील दर्जा आणि पक्कं बिल.

दुसरं, नट. दोन्ही टोकांना पितळी हवेत. प्लॅस्टिकचा नट जास्त आवळला की त्याला न दिसणारी चीर जाते, आणि ती वर्षा-दोन वर्षांनी उघडते. आमची केस हीच!

तिसरं, आतली नळी. ईपीडीएम रबर असेल तर गरम पाणीही झेपतं. तरी पाकिटावर तापमान आणि दाब दोन्ही छापलेले बघा. नसतील तर ठेवून द्या.

चौथं, लांबी. बारा, अठरा, चोवीस इंच अशा मापांत मिळते. घरून माप घेऊन जा. आखूड असेल तर ताण येतो, फार लांब असेल तर मुडपते. आणि दोन नळ्या जोडून जुगाड? अजिबात नको. जोड वाढला की गळतीची जागा वाढली.

पान्हा जरा जपून

दर रविवारी यूट्यूब बघून इंजिनीअर होणाऱ्या मित्रमंडळींसाठी हा पॅरा. नट आधी हाताने पूर्ण फिरवा, मग पान्ह्याने फक्त पाव फेरा. पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर, तुमची ताकद नाही. ‘अजून थोडं टाइट करू’ या वाक्यानेच वॉशर चिरडतो आणि नट तडकतो. वॉशर असलेल्या नटाला टेफ्लॉन टेप लागत नाही. टेप लावायची ती भिंतीतल्या आट्यांवर, जिथे अँगल कॉक बसतो. जुने प्लंबर तिथे सफेदा आणि धागा वापरायचे.

जोडणी झाली की कॉक हळूहळू उघडा, टिश्यू पेपर जोडावर फिरवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा फिरवा. डोळ्याला दिसत नाही ती ओल टिश्यूला दिसते.

आणि बेसिनखाली टॉयलेट क्लीनरची बाटली ठेवत असाल तर आजच हलवा. त्यातल्या अ‍ॅसिडची वाफ बंद कपाटात कोंडते आणि स्टीलच्या विणीलाही खाते. मलाही हे माहीत नव्हतं. आमच्या बेसिनखाली दोन बाटल्या होत्या!

नवं घर घेताय? रिनोव्हेशन?

मग भिंतीतल्या पाइपांचंही बघून घ्या. जुन्या इमारतींतले जीआय पाइप म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. वर्षानुवर्षांनी ते आतून गंजतात, पाणी लालसर येतं, धार बारीक होते. हल्ली गरम आणि थंड दोन्ही पाण्यासाठी सीपीव्हीसी वापरतात. त्यावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला असतो. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी. पैसे वाचवायला गीझरच्या लाइनला तोच चिकटवणारे महाभाग असतात, लक्ष ठेवा.

दोन गोष्टी हट्टाने करा. टाइल्स बसवण्याआधी लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. सोल्युशनने चिकटवलेले जोड आधी नीट वाळू द्या, मग पाण्याचा दाब द्या. आणि भिंत बंद होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे कधी शेल्फ लावायला ड्रिल मारताना तो फोटो लाखमोलाचा ठरतो.

महिन्यातून दहा मिनिटं

जिमची मेंबरशिप आपण वर्षभराची घेतो आणि महिनाभर जातो. हे मात्र फक्त दहा मिनिटांचं आहे, जमेल!

- घरातल्या प्रत्येक कनेक्शन पाइपवरून कोरडं फडकं फिरवा. गंजाचा डाग, फुगवटा, तुटलेली तार, नटाशी पांढरा-हिरवा थर, यातलं काहीही दिसलं तर बदला. वाट बघू नका.
- प्रत्येक अँगल कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर क्षार साचून तो जाम होतो आणि ऐन वेळी फिरत नाही. जाम झालेल्यावर जोर करू नका, प्लंबरला बोलवा.
- नवीन नळी बसवली की नटाजवळ मार्करने महिना आणि साल लिहा. मी पाच वर्षांचा नियम केलाय. दिसायला ठणठणीत असली तरी बदलायची.
- कमोडशेजारच्या जेट स्प्रेचा खटका सोडला म्हणजे पाणी बंद झालं असं नाही. ती नळी सतत दाबाखाली असते. गावाला जाताना तिचा कॉक बंदच हवा.
- वॉशिंग मशीनचा नळ धुणं झालं की बंद करा.
- आरओची बारीक नळी कापावी लागली तर धारदार ब्लेडने सरळ कापा आणि जोडात पूर्ण आत बसेपर्यंत ढकला. तिरपी कापली तर ती हमखास ठिबकते.
- गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडले तर घाबरू नका. तो त्याचं काम करतोय. त्याला बूच मात्र कधीही लावू नका. आणि पाणी बंद करण्याआधी गीझरचा स्विच बंद!

ओल कुठली, ओळखा

भिंतीला पोपडे आलेत, पण गळतंय काय? सोपी युक्ती आहे. ओल दिवसरात्र, कुणी नळ न वापरताही वाढत असेल तर संशय दाबाखालच्या लाइनवर घ्या. फक्त आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या फटी. फक्त जुलै-ऑगस्टमध्येच येत असेल तर बाहेरची भिंत. फ्लॅटला स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा लिहा आणि तासाभराने पुन्हा बघा. फ्लश टँकमध्ये खायचा रंग टाका. फ्लश न करता कमोडमध्ये रंग उतरला तर आतून गळतंय.

आणि ‘थेंबच तर आहे’ असं वाटत असेल तर खाली एक कप ठेवा. तासाभरात दीडशे मिलिलिटर साचलं, तर दिवसाला ३.६ लिटर, महिन्याला १०८ लिटर झालं. एका नळाचं!

हा थेंब ज्यांनी मनावर घेतला ते म्हणजे लेखक-चित्रकार आबिद सुरती, ‘बहादूर’ कॉमिक्सवाले. २००७ मध्ये त्यांनी मीरा रोडला ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केलं. रविवारी सकाळी एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती बरोबर घेऊन दारोदार जायचं आणि गळके नळ फुकटात दुरुस्त करून द्यायचे. बहुतेक ठिकाणी लागायचा तो एक वॉशर! तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. आपण पंचविशीत ‘प्लंबर फोन उचलत नाही’ म्हणून महिना काढतो.

भरायचं कुणी?

आमच्या घरमालकांनी सिंगापूरहून पहिला मेल केला, ‘मायनर रिपेअर्स टेनंटने करायचे’. अ‍ॅग्रीमेण्टमध्ये खरंच तसं होतं, आम्ही न वाचता सही केलेली. शेवटी निम्मे-निम्मे ठरलं. सोसायटीकडून काहीच मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं. महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची गळती सोसायटीने बघायची आणि फ्लॅटच्या आतल्या सिंक, टॉयलेटच्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटवाल्याने करायचा. म्हणून भाड्याच्या घरात शिरताना भिंतींच्या फोटोंबरोबर नळ्यांचेही फोटो काढा आणि जुनाट दिसतील त्या बदलून देण्याचं लेखी घ्या. नाहीच दिल्या तर स्वतः बदला. हजारभर रुपयांत घर सुरक्षित होतं. तेवढ्यात वीकेण्डचा एक पिक्चर, पॉपकॉर्नसकट, होतो फक्त.

सोसायटीने मात्र एक काम केलं. आता गच्चीवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर लाइनचं नाव. एक किल्ली आम्ही वॉचमनच्या केबिनमध्ये नाही, तर काकूंकडे ठेवलीय. त्यांचाच माळा आहे ना खाली!

गेल्या महिन्यात काकूंच्या घरातल्याही सगळ्या नळ्या बदलल्या, प्रत्येकीवर मार्करने साल लिहिलं. काकू चष्मा लावून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘हे असंच लिहायचे गठ्ठ्यांवर.’’ मग आत गेल्या आणि वाचलेल्यांपैकी एक सुरकुतलेला अंक माझ्या हातात ठेवला. ‘‘घेऊन जा. पण बेसिनजवळ ठेवू नकोस.’’

आता आम्ही दोघी घराबाहेर पडताना दारात थांबतो. गॅस बंद? गीझर बंद? पाणी बंद? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की मगच कुलूप. परवा फ्लॅटमेट लिफ्टमधून परत वर गेली, पाण्यासाठी. तिला उशीर झाला, कॅब गेली. मी काहीच बोलले नाही.